पहाटे पाचला दार उघडणार असेल तरच ते आमचं हॉटेल: मालकांना आणि नव्या भागीदारांना खुलं पत्र

प्रति,
म्हापशाच्या बाजारातल्या आमच्या हॉटेलाचे मालक, त्यांचे नवे भागीदार आणि नव्या इमारतीचा आराखडा करणारे वास्तुरचनाकार यांस,

सप्रेम नमस्कार.

हॉटेलाभोवती पत्रे लागले, पत्र्यांवर नव्या इमारतीचं भलंमोठं चित्र लागलं, आणि तेव्हापासून बाजारात दुसरा विषय नाही. हे पत्र मी तुमच्या हातातही आणून दिलं असतं. पण हॉटेल तुमच्या मालकीचं असलं तरी तिथे भाजी-पाव खाऊन तीन पिढ्या वाढल्या आहेत. आपल्यात काय बोलणं होतं ते त्यांनाही कळलं पाहिजे, म्हणून उघड लिहिते. हॉटेलाचं नाव मात्र लिहीत नाही. शुक्रवारच्या बाजाराला येणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही, आणि परक्यांत तुमच्या घराण्याचं नाव खराब व्हावं असं माझ्या मनात नाही.

इमारत पाडण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. वाशांना वाळवी लागली होती. दर पावसाळ्याआधी कौलं चाळूनही गळती थांबत नव्हती. मागे नंतर जोडलेल्या स्लॅबच्या सळ्या गंजून उघड्या पडल्या होत्या. आपल्या खाऱ्या हवेत आणि वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसात सळीचं असंच होतं. स्वयंपाकघराला एकच लहान खिडकी होती. मे महिन्यात त्या कढईपुढे उभं राहून मिर्ची तळणाऱ्या माणसांचे हाल आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. नवं बांधायलाच हवं होतं. बाजारातली एवढी मोक्याची जागा विकून तुम्ही मोकळे झाला नाहीत, याबद्दल तुमचे मनापासून आभार.

माझी तक्रार नव्या रूपाबद्दल आहे, आणि त्या रूपाच्या आडून जे काढून टाकलं जातंय त्याबद्दल त्याहून जास्त आहे.

पत्र्यावरच्या चित्रात काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी आहे. लाल रेग्झिनची गुबगुबीत आसनं आहेत, दोन दोन माणसांची. कोपऱ्यात ज्यूकबॉक्स आहे. एका भिंतीवर निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरश्या आहेत, दुसऱ्या भिंतीला लागून मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्यासारख्या गोल पाठीच्या खुर्च्या. मधोमध एक जुनी स्कूटर उभी केली आहे. वर निऑनच्या रोमन अक्षरांत नाव, आणि खाली ओळ: जुन्या दिवसांची चव.

यातली एकही वस्तू आमच्या हॉटेलात कधी नव्हती.

तिथे काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण तुमच्या भागीदारांना नसावं, म्हणून लिहिते. लाल कोब्याची गुळगुळीत जमीन होती, पावलांनी मध्येच खोलगट झालेली. लांब बाक होते आणि संगमरवरी पाट्याची टेबलं, एकेका टेबलाशी सहा माणसं, एकमेकांची ओळख असो वा नसो. चिऱ्याच्या भिंतींना चुना, आणि लोक पाठ टेकतात म्हणून छातीच्या उंचीपर्यंत हिरवा तेलरंग. दारातून आत शिरताच डाव्या हाताला बेसिन. गल्ल्याच्या वर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा फोटो, शेजारी म्हापशाचा देव बोडगेश्वर, त्याच्या बाजूला मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे इथल्या चर्चमधल्या मेरीमातेचं लहानसं चित्र आणि खाली कालनिर्णय. रेडिओवर आकाशवाणी पणजी. गोमन्तक आणि तरुण भारतचे अंक यायचे आणि सहा वाजेपर्यंत त्यांची पानं सुटी होऊन टेबलाटेबलांवर फिरू लागायची. क्रीडा पान एकाकडे, निधनवार्ता दुसऱ्याकडे.

गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला, आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तुमच्या आजोबांनी हे दार उघडलं. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाच्या आधी फूलवाले (गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणणारे) आणि दोन पानांवाले (तो वेगळा राहावा म्हणणारे) याच बाकांवर समोरासमोर बसून तावातावाने भांडायचे आणि मग एकाच किटलीतला चहा प्यायचे, हे मोठ्या माणसांकडून ऐकत मी वाढले. कौल 34,021 मतांच्या फरकाने दोन पानांच्या बाजूने गेला. फूलवाले दुसऱ्या दिवशीही त्याच बाकांवर येऊन बसले. या हॉटेलाला सांगण्यासारखा स्वतःचा भूतकाळ आहे. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातल्या अझुलेजांसमोर, म्हणजे तसल्याच निळ्या पोर्तुगीज फरश्यांसमोर, मीही प्रत्येक वेळी थांबते. त्या तिथल्या आहेत, म्हणून तिथे शोभतात. मुक्तीनंतर जन्मलेल्या, भाऊसाहेबांच्या फोटोखाली वाढलेल्या हॉटेलाच्या भिंतीवर त्यांची छापील नक्कल कशासाठी?

आता माझा या सगळ्याशी संबंध काय, ते सांगते.

माझी आई डिचोली तालुक्यातल्या गावातून पहाटेच्या पहिल्या बसने फुलं घेऊन यायची. आबोलीच्या फाती (गजरे), शेवंती, झेंडू, आणि चवथीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान. बाजार मांडण्यापूर्वी हॉटेलाच्या पायरीवर पाटी टेकवायची आणि आत जाऊन बसायची. पातळ भाजी, दोन उंडे (गोल पाव), चहा. पैसे बहुतेक वेळा दुपारी, फुलं खपल्यावर. तुमच्या वडिलांना सगळा बाजार पात्रांव म्हणायचा. पात्रांव गल्ल्यावरून मान वर न करता म्हणायचे, "मावशे, बस. च्या घे." त्यांच्या वहीत आईचं नाव होतं आणि त्या नावापुढची रक्कम कधी चारचौघांत वाचली गेली नाही.

त्या काळात एकट्या बाईने पहाटे हॉटेलात बसून खाणं सोपं नव्हतं. इथे ते सोपं होतं, कारण टेबलं सामाईक होती, दारं रुंद होती, आतलं सगळं रस्त्यावरून दिसायचं आणि पात्रांवांचा धाक होता. बाजारातल्या बायका मागचा संडास वापरायच्या, नळावर बाटल्या भरायच्या. तू गिऱ्हाईक आहेस का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. दिवसभर बाजारात बसणाऱ्या बाईसाठी या दोन गोष्टी किती मोठ्या असतात हे मला पुढे कळलं. लघवीला जायला जागा नाही म्हणून पाणी प्यायचंच टाळणाऱ्या आणि त्यातून दुखणी ओढवून घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. माझ्या आईवर ती वेळ आली नाही, आणि त्याचं श्रेय तुमच्या वडिलांना आहे. आज आईच्या जागेवर माझी वहिनी बसते.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार वेळेची आहे. नव्या पाटीवर लिहिलंय: सकाळी 11 ते रात्री 11.

बाजार पाचला जागा होतो. पदेर, म्हणजे पाववाला, आपल्या टोपल्यातले गरम उंडे आणि कोंड्याच्या पावाच्या पोळ्या पाचच्या आधी हॉटेलात टाकून पुढे घरोघर जायचा. मग कदंबा बसचे चालक-वाहक, वर्तमानपत्रं वाटणारी मुलं, मासळीवाल्या, मजुरीच्या शोधात नाक्यावर उभे राहणारे गवंडी. आझिलो इस्पितळात माणूस ॲडमिट असलेले नातेवाईक रात्र जागून डोळे चोळत यायचे. शुक्रवारी तर मयड्याची केळी, हरमलच्या मिरच्या, डिचोलीची मडकी, चोरिसांच्या (गोवन सॉसेजच्या) माळा घेऊन आलेली सगळी माणसं उजाडायच्या आत एकदा तरी या दारातून आत जायची. श्रावणातल्या सोमवारी आमची गर्दी असायची आणि लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी ख्रिस्ती शेजाऱ्यांची, कारण दोघांनाही त्या दिवशी शिवराक (शाकाहारी) खायचं असायचं आणि पातळ भाजी दोघांनाही चालायची. अकरा वाजेपर्यंत हे सगळं आटोपलेलं असतं. भाजीचं पातेलं तळाला लागलेलं असतं. अकराला उघडणारं हॉटेल यातल्या एकाही माणसाला उपयोगी पडणार नाही. तुम्ही भिंती जशाच्या तशा ठेवल्यात आणि दार अकराला उघडलंत, तरी आमच्या दृष्टीने हॉटेल गेलंच. उलट भिंती सगळ्या नव्या बांधा, पण पाचला दार उघडा. ते आमचंच हॉटेल असेल.

दुसरी तक्रार दरांची. नव्या मेनूचा नमुना बाजारात हातोहात फिरतोय. एक प्लेट भाजी-पाव 220 रुपये, आणि त्यात पदेराचा उंडा नाहीच, बर्गरचा बन आहे, वर चीज. गॅस, तेल, खोबरं, सगळंच महागलंय, मला कळतं. पत्रे लागण्याआधी 60 रुपयांत भाजी-पाव आणि चहा मिळत होता. तो 70 झाला, 80 झाला तरी कुणी कुरकुर करणार नाही. पण 220 रुपये हा आमच्यासाठी लावलेला दर नाही. आणि उंडा काढून बन आणण्याची झळ तुमच्या दारापुरती राहत नाही. लाकडाच्या भट्टीवर पाव भाजणारे पदेर आधीच कमी होत चालले आहेत, त्यांची मुलं त्या धंद्यात उतरत नाहीत. रोज पहाटे ठरलेले उंडे उचलणारं हॉटेल हा अशा भट्टीचा खात्रीचा आधार असतो. तो काढलात तर घरोघर सायकलने येणारा पावही काही दिवसांत येईनासा होईल.

तिसरी, माणसांची. ज्यांनी भाजीला हात लावला की चव तीच लागते, अशी माणसं तुमच्याकडे आहेत. कुणी सावंतवाडीकडची, कुणी कारवारची, आणि आयुष्य म्हापशात काढलेली. नव्या ब्रँडच्या गणवेशात तुम्ही बसणार नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. हे त्यांच्यातल्या दोघांनी मला स्वतः सांगितलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असं सांगणं तुमच्या वडिलांना जमलं नसतं.

चौथी तक्रार पत्र्यावरच्या एका फोटोची. नव्या इमारतीच्या चित्राशेजारी एक कृष्णधवल फोटो मोठा करून लावला आहे. हॉटेलाच्या पायरीवर पाट्या घेऊन बसलेल्या बायका. त्यातली डावीकडून दुसरी माझी आई आहे. ती हयात आहे. तिचं घर तुमच्या जुन्या कामगारांना माहीत आहे. तिला कुणी विचारलं नाही, की बाई, तुझा फोटो आमच्या जाहिरातीत वापरू का? वहिनीने तिला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की फोटो लावतात तर संडास का बंद करतात? कारण नव्या आराखड्यात मागचा संडास आणि बाहेरचा नळ दोन्ही नाहीत. प्रसाधनगृह आत आहे, आणि त्याच्या दारावर 'फक्त ग्राहकांसाठी' असं चित्रातच लिहिलेलं आहे. बाजारातली बाई भिंतीवर हवी आणि दाराशी नको, हे मला मान्य नाही. या पत्रातलं दुसरं काही तुम्ही बाजूला ठेवलंत तरी ही गोष्ट ठेवू नका.

पाटीबद्दल थोडंच. जुनी हाताने रंगवलेली देवनागरी पाटी काचेच्या पेटीत घालून आत शोभेला ठेवणार असल्याचं ऐकलं. ती दारावर लावा, तिची जागा तिथे आहे.

वास्तुरचनाकारांशी जरा सविस्तर बोलायचं आहे. तुमच्या आराखड्यात समोर पूर्ण उंचीची काच आहे, वर खोटं छत आहे आणि आत एसी. चिऱ्याच्या भिंतीला चुना लावतात तो भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडावी म्हणून. तिला सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच अडकते आणि चिरा भुगा होऊ लागतो. तुम्हाला हे ठाऊक असणार, तरी आराखड्यात ज्या दोन जुन्या भिंती राखल्या आहेत त्यांना सिमेंटचाच गिलावा दाखवला आहे. मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर आपल्याकडे रुळलं ते उगाच नाही. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं सगळ्या किनारपट्टीवर पसरली, कारण आपला पाऊस ती झेलतात आणि फटींतून गरम हवा वर जाऊ देतात. उंच छप्पर आणि रुंद दारं असली की शंभर माणसं आत असूनही बसवतं. काच लावली की आधी ऊन आत कोंडायचं आणि मग ते थंड करायला वीज जाळायची. शिवाय काचेमागे बसलेल्या माणसाकडे रस्ता बघत राहतो. आमच्या बायकांना उघड्या दारात जो निर्धास्तपणा वाटायचा तो काचेमागे वाटणार नाही. आणि एवढ्या मोठ्या चित्रात स्वयंपाकघर कुठेच दाखवलेलं नाही. जुन्या इमारतीत सगळ्यात वाईट जागा ती होती. नव्या बांधकामाचा पहिला फायदा तिथे उभ्या राहणाऱ्यांना मिळाला पाहिजे: दोन बाजूंनी वारा, धूर ओढणारं धुराडं, घसरणार नाही अशी जमीन, बसायला जागा.

तुमचं म्हणणं मला कळलं आहे, ते नीट मांडण्याचा प्रयत्न करते. बांधकामाचा खर्च भागवायचा आहे. भागीदारांनी पैसा घातला आहे. पर्यटक जुन्या वातावरणासाठी जास्त पैसे देतात, आणि जगभर आता जुनं रूप परत येतंय.

ते खरंच परत येतंय. माझी भाची पणजीला वास्तुकला शिकते, तिने मला बरंच काही दाखवलं. बर्गर किंगने 2021 साली आपलं बोधचिन्ह बदललं आणि 1969 पासून 1994 पर्यंत वापरलेल्या आपल्याच चिन्हासारखं केलं. कॅलिफोर्नियात डाउनी नावाच्या गावात मॅकडोनाल्ड्सचं 1953 सालचं दुकान आहे, त्या कंपनीच्या आज उभ्या असलेल्या दुकानांतलं सगळ्यात जुनं. 1994 च्या भूकंपानंतर ते बंद झालं, कंपनीला ते पाडायचं होतं, लोकांनी आणि वारसा जपणाऱ्या संस्थांनी विरोध केला, आणि 1996 साली ते दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. दुकानाला मुळात असलेल्या दोन पिवळ्या कमानी तशाच आहेत, लोक आजही खिडकीशी उभे राहून खाणं घेतात. साध्या वस्तीतलं, स्वस्त खाण्याचं एक दुकान, पण गावाने ते आपलं मानलं. ही दोन्ही उदाहरणं पाहिली तर त्यांनी परत आणलेलं जुनं त्यांचं स्वतःचं आहे. तुम्ही मात्र अमेरिकेचा ज्यूकबॉक्स, लिस्बनच्या फरश्या आणि मुंबईच्या इराण्यांच्या खुर्च्या एकत्र आणून त्यांना म्हापशाची आठवण म्हणताय.

मुंबईच्या इराणी हॉटेलांचं काय झालं तेही पाहा. मूळ हॉटेलं एकेक करून बंद होत गेली, आणि त्यांच्या धर्तीवर सजवलेली डिशूम नावाची साखळी लंडनमध्ये 2010 पासून जोरात चालते आहे. लंडनवाल्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याकडे मूळ हॉटेल नव्हतंच. आपल्याकडे मूळ हॉटेल आहे. आपल्याला नक्कल करायची गरजच काय?

पर्यटकांबद्दलही माझं मत वेगळं आहे. पणजीत कॅफे भोसले आणि कॅफे टाटो इथे बाहेरगावची माणसं आवडीने येतात. तिथे कचेरीला जाणारा माणूस घाईघाईने भाजी-पाव खातोय, हे त्यांना बघायचं असतं, तेच खायचं असतं. स्थानिक माणूस उठून गेला की त्या जागेत बाहेरच्यालाही फार दिवस गोडी राहत नाही. मला तुमचं नुकसान नको आहे. वरच्या मजल्यावर तुम्हाला हवी तशी सजावट करा, एसी लावा, दर वेगळे ठेवा, रात्री उशिरापर्यंत चालवा. त्याला आमच्यातला कुणी हरकत घेणार नाही. तळमजला आणि सकाळ आमच्यासाठी सोडा.

आता मागण्या. या मी एकटीने ठरवलेल्या नाहीत. फुलवाल्या, मासळीवाल्या, केळीवाल्या, रिक्षावाले, पायलट (मोटारसायकल-टॅक्सी) वाले, आणि हॉटेलात रोज बसणारे जुने लोक यांच्याशी बोलून त्या लिहिल्या आहेत.

हॉटेल रोज पहाटे 5 वाजता उघडावं. तळमजल्यावर सकाळी 11 पर्यंत पातळ भाजी, सुकी भाजी, मिर्ची, केळ्याचे गोड बन्स, उंडा-पोळी आणि चहा बाजाराला परवडेल अशा दरात मिळावं, आणि तो दर दारावर लिहिलेला असावा. पाव म्हापशाच्या आसपासच्या भट्टीतूनच घ्यावा.

मागच्या बाजूला बायकांसाठी दोन आणि पुरुषांसाठी एक संडास असावा, बाहेरून जाता येईल असा, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ असावा. त्यांच्या साफसफाईच्या खर्चातला वाटा विक्रेत्या बायका दरमहा द्यायला तयार आहेत. ही त्यांची स्वतःची सूचना आहे. आमच्यावर उपकार करा असं त्या म्हणत नाहीत.

जुन्या कामगारांना कामावर परत घेण्याचं लेखी द्यावं, आणि बांधकाम चालू असेपर्यंत निदान अर्धा पगार द्यावा. तळमजल्यावर लांब बाक आणि सामाईक टेबलं हवीत. जुनी संगमरवरी टेबलं अजून विकली नसतील तर तीच आणावीत. दारात पायऱ्यांच्या बाजूला उतार असावा, कारण हॉटेलाची जुनी गिऱ्हाइकं आता काठी टेकत येतात. भाऊसाहेबांचा फोटो, बोडगेश्वर आणि सायबीण पूर्वीच्याच क्रमाने गल्ल्यावर लागावेत.

माझ्या आईचा आणि तिच्या सोबतिणींचा फोटो पत्र्यावरून उतरवावा. त्यातल्या हयात बायकांना आणि ज्या गेल्या त्यांच्या घरच्यांना विचारून, त्यांची नावं खाली लिहून तो हॉटेलात लावायचा असेल तर जरूर लावा. आई नाही म्हणणार नाही, असं मला वाटतं, पण विचारायला तुम्हीच यायला हवं.

आणि आराखडा पत्र्यावरच्या चित्राऐवजी कागदावर, मापांसकट, एकदा बाजारातल्या लोकांसमोर मांडावा. पालिकेलाही आमची विनंती आहे की भोगवटा दाखला देण्याआधी तळमजल्याचा संडास, नळ आणि उतार प्रत्यक्ष पाहून घ्यावा. या पत्राची एक प्रत आम्ही पालिकेत रीतसर आवक नोंदवून देत आहोत.

पाया भरून झालाय, भिंती अजून उठायच्या आहेत. बदल करायला उशीर झालेला नाही. खिडकी कुठे असावी, दार किती रुंद असावं, संडास कुठे काढावा, हे आत्ता बदलायला खर्च कमी येतो. दोन महिन्यांनी तोच बदल करायला तोडफोड करावी लागेल, आणि मग तुम्ही म्हणाल की आता जमत नाही. म्हणून लवकर उत्तर हवं आहे.

येत्या शुक्रवारी दुपारी तीनला, बाजार उठू लागला की आम्ही फुलवाल्यांच्या रांगेत जमणार आहोत. तुम्ही या, भागीदारांना आणा, वास्तुरचनाकारांना आराखड्याचे कागद घेऊन यायला सांगा. बसायला बाकडी आम्ही मांडतो. कामगारांपैकी चौघे येणार आहेत, पदेर येणार आहे, माझी आईही येणार आहे. शुक्रवार जमत नसेल तर तुम्हाला सोयीचा दिवस आणि वेळ लिहून कळवा, आम्ही त्या दिवशी जमू.

आपली,
फुलवाल्या मावशीची मुलगी
म्हापसा